बिनगाइडची कौसल्या

बदनापूर स्टेशनात उतरून उत्तरेकडं तोंड केलं की काळ्या रानाचा पट्टा सुरू होतो. पावसाळ्यात ही माती पायातली चप्पल ठेवून घेते, उन्हाळ्यात मनगट जाईल एवढी फाटते. कापसाला ती मानवते, माणसाला तेवढी मानवत नाही. त्या पट्ट्यात आमचं गाव. गावानं तालुक्याला दोन सभापती दिले, एक कुस्तीगीर दिला आणि एक कौसल्या. पहिल्या तिघांची नावं शाळेच्या भिंतीवर रंगवलेली आहेत. कौसल्याचं नाव कुठं लिहिलेलं नाही, आणि निम्म्या गावाला ते लिहावंसंही वाटत नाही.

तिचे वडील मच्छिंद्र सोयरिकी जुळवायचे. आसपासच्या गावांत कुठं लग्नाची बोलणी असली की त्यांना बोलावणं यायचं. जाड भुवया, हळू आवाज. मच्छिंद्र बैठकीत बसले की ठरलेलं मोडत नाही, असा त्यांचा लौकिक. आई द्वारकाबाई. थोरला भाऊ देवानंद, त्याचं बदनापुरात बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. घरात खायला होतं, ल्यायला होतं, आणि पोरगी औरंगाबादला रसायनशास्त्रात एमएस्सी करत होती. त्या दिवसांत हे सगळं एका घरात असणं म्हणजे लोकांच्या डोळ्यांत सलण्यासारखंच होतं.

सत्त्याण्णवच्या हंगामात हिरवी बोंडअळी आली. आधीही यायची, पण फवारली की मरायची. त्या वर्षी मरेना. दिवाळीला कौसल्या घरी आली तेव्हा भावाच्या दुकानात रोज भांडण. ती दुकानात बसलेली असताना कचरूआबा रुमालाची पुरचुंडी घेऊन आले. गावातले सगळ्यांत तिरकस बोलणारे म्हातारे. त्यांनी पुरचुंडी काउंटरवर सोडली. आत बोटाएवढ्या अळ्या.

"देवानंद, तुझं औषध या पोरींना लई मानवलं बघ. अंगानं भरल्या."

"पाणी जादा घातलं असंल, आबा."

"पाणी बराबर घातलं. तू काय घातलं बाटलीत?"

कौसल्यानं बाटली उचलून वाचली. म्हणाली, "आबा, औषध खरं हाय. अळीच पहिल्यासारखी राह्यली न्हाई."

"मंग आता काय, अळीला विचारून औषध आणायचं?" कचरूआबा हसले. देवानंद हसला नाही. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "औषध चालत न्हाई, हे माझ्याच दुकानात बसून सांग. पंगतीत बसून ताटात माती टाक."

त्यातली एक अळी तिनं घरी नेली. बाटलीतल्या औषधाचा बारीक थेंब काडीनं तिच्या पाठीवर ठेवला. अळी पिळवटली, उलटी झाली, मेल्यासारखी पडली. दिवस कलताना कौसल्यानं पाहिलं तर ती पायांवर उभी होती आणि हरभऱ्याच्या ढाळ्याचा पाला कुरतडत होती. औषध अंगात गेलं होतं, नाहीतर ती पडलीच नसती. मग आत गेलेलं औषध गेलं कुठं? हा प्रश्न तिच्या डोक्यात बसला तो उठलाच नाही.

औरंगाबादला तिचे सर होते धर्मराज. भोकरदनकडचे, आपल्याच जिल्ह्याचे. त्यांच्याबद्दल खोटं लिहायचं नाही. ढेकळातून आलेल्या किती पोरांना त्यांनी डॉक्टर करून नोकरीला लावलं, याची साक्ष देणारे आजही गावोगाव आहेत. पण त्यांच्या लॅबची रीत ठरलेली. रेणूचं एकच पंचकोनी कडं. एका पोरानं त्याला क्लोरीन जोडायचं, दुसऱ्यानं ब्रोमीन, तिसऱ्यानं आणखी काही. बनलेली पूड कागदाच्या गोल चकतीला लावून जंतूंच्या थरावर ठेवायची. चकतीभोवती जंतू मेले की मेलेल्या जागेची रुंदी मोजायची आणि प्रबंधात लिहायची. रेणू त्या जंतूच्या आत कुठं बसला, काय मोडलं, हे कुणी विचारायचं नाही. पोरं सरांच्या घरची भाजी आणायची, गॅसची टाकी उचलायची, आणि डॉक्टर व्हायची.

कौसल्यानं एकदा विचारलं, "सर, जंतू मेला कशानं?"

"औषधानं."

"म्हणजे आत काय झालं?"

"ते जीवशास्त्रवाल्यांचं काम. शेजारच्याच्या चुलीत काय शिजतंय ते तू बघायला जातेस का?"

तिला शिजतंय ते बघायचं होतं. डिपार्टमेंटच्या फळ्यावर बंगलोरच्या एका संस्थेची जाहिरात लागली. रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र एकत्र घेऊन पीएचडी. पहिल्या वर्षी गाइड नाही. चार-चार महिने तीन वेगवेगळ्या लॅबमध्ये काम करायचं, सोबत वर्गात बसून राहिलेला विषय शिकायचा, आणि वर्ष संपल्यावर आपण गाइड निवडायचा, गाइडनंही आपल्याला. तिनं अर्ज टाकला. घरी सांगितलं नाही.

घरानं तिला न सांगता वेगळंच करून ठेवलं.

एमएस्सीचा निकाल लागला, पोरगी पहिल्या वर्गात पास झाली. मच्छिंद्रांना वाटलं, सरांचे उपकार मानायला जावं. आमच्याकडं उपकार मोकळ्या हातानं मानत नाहीत. ते द्वारकाबाईला घेऊन औरंगाबादला गेले. सरांना टॉवेल-टोपीचा आहेर केला, नारळ दिला. घरात कॉलेजं चालवणाऱ्या शिक्षणसंस्थेची दोन-तीन वजनदार माणसं बसलेली. सरांनी बायकोला आवाज दिला. बाईंनी द्वारकाबाईची ओटी भरली आणि जांभळी जरीकाठी साडी तिच्या हातात ठेवली. सर चारचौघांत म्हणाले, "मच्छिंद्रराव, आजपासून पोरगी आमची. पीएचडी आमच्याकडं, आणि अंबडच्या कॉलेजात तासिकेवर लागलीच समजा."

ज्या माणसानं हयातभर लोकांच्या सोयरिकी जुळवल्या, त्याला हे कळायला हवं होतं. आमच्या भागात आहेर देऊन नुसतं हात जोडून आलं तर ते आभार असतात. आहेर उलटून आला आणि आपण घेतला, तर बोलणी पक्की. मच्छिंद्रांना ते कळलं, पण साडी द्वारकाबाईच्या मांडीवर पडल्यावर. तेव्हा त्यांना त्यात वावगंही वाटलं नाही. पोरीचं नशीब उघडलं, म्हणून ते खुशीत घरी आले. आठवड्याच्या आत द्वारकाबाई ती साडी नेसून अंबडला एका लग्नात मिरवून आली.

कौसल्या त्याच सुमारास मैत्रिणीकडं जाते असं सांगून बंगलोरला मुलाखतीला गेली होती.

लांब टेबलामागं पाच-सहा जण. मधोमध आखूड केसांच्या एक मॅडम, किड्यांवर काम करणाऱ्या. कौसल्याचं इंग्रजी जेमतेम. जीवशास्त्र बारावीला सुटलेलं.

"पेशीत प्रोटीन कसं तयार होतं?" मॅडमनी विचारलं.

तिनं अर्धवट सांगितलं आणि थांबली.

"अळीच्या आतड्याचे भाग किती?"

"माहीत नाही."

"मग इथं का आलीस? रसायनशास्त्र कर, तुझे मार्क चांगले आहेत."

तिनं पडलेल्या आणि उठलेल्या अळीचं सांगितलं. कोपऱ्यातले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "दरवर्षी प्रत्येकाजवळ एक गोष्ट असतेच." तिला ते कळेल एवढं इंग्रजी येत होतं. ती उठली, फळ्यावर त्या औषधाचा रेणू काढला आणि मधल्या एका बंधावर खडू टेकवला. म्हणाली, "हा इथं तुटला तर औषध मेलं. साबण करताना असाच बंध आपण तोडतो. पण त्याला कास्टिक लागतं, उकळावं लागतं. अळीच्या पोटात कास्टिक नाही आणि विस्तव पण नाही. मग तोडतं कोण?"

मॅडम म्हणाल्या, "प्रश्न जुना आहे. त्याची निदान चार उत्तरं लोकांनी लिहून ठेवलीत. तुला एकही माहीत नाही."

निवड झाली. पत्रात अट होती. पहिल्या वर्षात जीवशास्त्राचे पेपर पास झाली नाही, किंवा वर्षाअखेर कुठल्याच गाइडनं घेतलं नाही, तर बाहेर.

ते पत्र देवानंदनं घरात मोठ्यानं वाचलं, आणि दोन दिवसांत गावभर झालं. पारावर कचरूआबांनी त्याचा अर्थ लावून दिला.

"म्हणजे असं की पोरीनं वर्षभर तीन घरं फिरायची. चार म्हैने इकडं, चार म्हैने तिकडं. मंग ज्याचं घर आवडलं तिथं नांदायचं. लई सुधारली दुनिया."

"आन् कुणीच न्हाई घेतली तर?"

"तर बिनगाइडची."

ते नाव तिला चिकटलं. नळावर बायका म्हणायच्या, बिनगाइडची आली, बाजूला सरा. द्वारकाबाईनं पोरीला मारलं नाही, पण भाकरी ताटात वाढायची सोडली. टोपल्यातून घे म्हणायची.

कौसल्या नोंदणीला येत नाही म्हटल्यावर धर्मराज सर जीप घेऊन गावात आले. सोबत संस्थेची तीच माणसं. मच्छिंद्रांच्या अंगणात सतरंजी पडली, भिंतीकडेला गाव उभं राहिलं. सरांनी चहाला हात लावला नाही.

"मच्छिंद्रराव, हे काय ऐकून राह्यलो मी?"

"पोरगी अडून बसली, सर. समजावतो."

"तुम्ही समजावणार? दुसऱ्याच्या पोरींची लग्नं मोडू न देणारी माणसं तुम्ही. बोलवा तिला."

कौसल्या दारात येऊन उभी राहिली. सर तिच्याशी आधी बरं बोलले. "हे बघ बाळ, तू तिकडून काय होऊन येशील ते सांगतो. रसायनवाले म्हणतील ही जीवशास्त्राची, जीवशास्त्रवाले म्हणतील ही रसायनवाली. आपल्या कॉलेजात जागा निघते ती विषयावर. डिग्रीवर दोन विषय असले की मुलाखतीला सुद्धा बोलवत न्हाईत. मी त्या कमिट्यांवर बसतो, मला सांगू नकोस. माझ्याकडं चार वर्षांत डॉक्टर होशील, घराजवळ राहशील. आणि तिकडं तुला वर्षभरानं हाकललं तर तोंड कुणाला दाखवणार?"

हे सगळं खरं होतं. तिलाही ते माहीत होतं.

"सर, तुमच्या लॅबमधल्या एका तरी औषधानं जंतू कशानं मेला, हे कुणाला म्हायती हाय का?"

"मेला ना? बस."

"मेला तर बस. मरत न्हाई तेव्हा काय करायचं? आमच्या रानात मरून न्हाई राह्यलं काही."

"म्हणजे आमचं काम फालतू."

"मी तसं न्हाई म्हटलं. मला ते करायचं न्हाई, एवढंच."

सरांचा चेहरा उतरला नाही, दगडासारखा झाला. ते तिच्यावरून नजर काढून मच्छिंद्रांकडं वळले. "मग रीतीनं होऊ द्या. आहेर उलटा झालाय. तुम्ही घेतलाय, पाच माणसांत. मोडायचं असेल तर माझी साडी आज गावासमोर परत करा. म्हणजे मी पण सांगायला मोकळा, की मच्छिंद्रचा शब्द असा असतो."

देवानंद म्हणाला, "माय, आण ती साडी. टाक यांच्यापुढं." त्याला बहिणीचा पुळका नव्हता. घरी येऊन कुणी बापाला असं बोलावं, याचा त्याला संताप आला होता.

द्वारकाबाई आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा साडी पदराखाली. निऱ्यांवर हळदीचा डाग. अंबडच्या लग्नातला.

भिंतीकडेला कुजबूज झाली. नेसलेला आहेर परत जात नाही. ही रीत लहान पोरालाही ठाऊक. पंगतीला बसून उठल्यावर जेवण परत कसं करणार? सरांनी साडीकडं पाहिलं आणि पहिल्यांदा हसले.

"नेसली? मग विषयच संपला. सोमवारी हजर व्हायचं."

कौसल्या दारातून खाली उतरली.

"साडी मायनं नेसली, सर. मी न्हाई."

"मग?"

"मंग मायला न्या. तिच्या नावानं करा नोंदणी. तिचा हात माझ्यापरीस साफ हाय, बीकर फोडणार न्हाई. भाजीबी चांगली निवडती."

आधी कचरूआबा हसले. मग भिंतीकडेचं सगळं गाव हसलं. संस्थेचा एक माणूस तोंडावर रुमाल धरून खोकला. ज्या गावानं तिला महिनाभर हिणवलं, तेच गाव तिच्या बोलण्यावर पोट धरून हसत होतं. त्यात तिच्यासाठी माया नव्हती. मोठ्या माणसाची टोपी उडालेली बघायची मजा होती.

सर उठले. जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "लक्षात ठेव. जालना, औरंगाबाद, बीड, परभणी. एका कॉलेजची पायरी चढू देणार न्हाई."

जीप गेली. मच्छिंद्र सतरंजीवर तसेच बसून होते. कौसल्या जवळ गेली. ते म्हणाले, "तू त्याचं हसं केलंस का माझं?" आणि उठून रानात गेले. त्या दिवसापासून त्यांना सोयरिकीचं बोलावणं कमी झालं. कुणी उघड काही बोललं नाही. बोलावलं नाही, एवढंच. बोलणी लावून देणाऱ्याच्याच घरातली बोलणी हसण्यावारी गेली होती.

ती बंगलोरला गेली तेव्हा स्टेशनावर घरचं कुणी नव्हतं.

तिकडंही कुणी ओवाळायला उभं नव्हतं. पहिली लॅब औषधाचे रेणू बनवणाऱ्या एका शांत सरांची. तिथं तिचे हात घरच्यासारखे चालले. सर म्हणाले, वर्ष संपलं की माझ्याकडंच ये, चार वर्षांत सुटशील. पण जीवशास्त्राच्या पहिल्या पेपरात ती नापास झाली. दुसऱ्यांदा बसून कशीबशी निघाली. होस्टेलातल्या पोरी तिच्या इंग्रजीची नक्कल करायच्या, ती आत येईपर्यंत.

दुसरी लॅब किड्यांच्या मॅडमची. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "माझ्याकडच्या अळ्या कित्येक पिढ्या काचेत वाढलेल्या. फुंकर मारली तरी मरतात. तुझा प्रश्न यांच्यात नाही. औषध पचवणाऱ्या अळ्या तुझ्या रानातून आण. त्या इथं जगव, पिढ्या वाढव. जुलैपर्यंत त्या जिवंत असतील आणि पडून उठत असतील, तर गाइडसाठी माझ्याकडं विचारायला ये. नाहीतर विचारू नकोस."

म्हणून जानेवारीत कौसल्या गावात आली. कापूस संपला होता, अळी हरभऱ्यावर गेली होती. तिथं तिला घाटेअळी म्हणतात, अळी तीच. तिनं झाकणाच्या बारीक डब्यांची पिशवी आणली होती. एका डबीत एकच. दोन ठेवल्या तर एक दुसरीला खाते. सकाळीच ती वडिलांच्या हरभऱ्यात शिरली. मच्छिंद्र बांधावर उभे होते.

"काय वेचून राह्यली?"

"अळ्या, दादा. तिकडं पाळायच्यात."

"माझ्या रानातली एक न्यायची न्हाई."

"अळ्याच हायेत. पीकच खातात."

"खाऊ दे. माझं पीक हाय." त्यांनी आवाज चढवला नाही. "मला शिव्या देणाऱ्याच्या रानात जा. लई हायेत."

ती डब्या घेऊन बांध ओलांडून गेली. पलीकडचं रान कमरोद्दीन चाचांचं. त्यांनी कमरेवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"अळ्या पायजे? ले जा, बेटी. सगळ्याच ने. खर्चा बी न्हाई मागत." मग बांधापलीकडं बघून खालच्या आवाजात म्हणाले, "पण लवकर उरक. तुझ्या बापाला उद्या बी याच बांधावर भेटायचं हाय मला."

ती उरकून निघाली. घरी जेवली नाही, कुणी वाढलंही नसतं. आगगाडीत शेजारच्या बाईनं पिशवीत काय म्हणून विचारलं. अळ्या म्हटल्यावर ती उठून दुसऱ्या डब्यात गेली.

पुढं सगळा उन्हाळा तिनं अळ्यांची उस्तवार केली. हरभऱ्याच्या पिठाचं घट्ट पिठल्यासारखं खाणं शिजवायचं, वड्या पाडायच्या, डबीगणिक एक टाकायची, घाण काढायची. तिसरी लॅब भलत्याच कामाची होती, तिथलं उरकून ती इकडं धावायची. एप्रिलात बुरशी लागली आणि निम्म्याहून जास्त डब्या फेकाव्या लागल्या. उरलेल्यांचे कोष झाले, पाखरं झाली, अंडी आली. प्रत्येक पिढीला ती औषधाचा थेंब द्यायची. मरायच्या त्या मरायच्या. उठायच्या त्यांचा वंश पुढं चालायचा.

जुलैत गाइडचं नाव द्यायचा दिवस आला. पहिल्या लॅबच्या सरांनी जिन्यात गाठून पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "सर, तुमच्याकडं मी सुखात राहीन. पण अळीचं तसंच राहील." सरांना राग आला. ते म्हणाले, "ती बाई तुला दोन वर्षांत रडवेल. मग इकडं येऊ नकोस."

मॅडमनी तिला डब्या घेऊन बोलावलं. स्वतःच्या हातानं थेंब ठेवले आणि दार लावून कामाला गेल्या. कौसल्या बाहेरच्या बाकावर बसून राहिली. चार वाजता मॅडम आल्या, एकेक झाकण उघडून पाहिलं. काही मेल्या होत्या. बाकीच्या चालत होत्या.

"बुरशीनं किती गेल्या?"

"निम्म्याहून जास्त."

"निष्काळजीपणा." त्यांनी कागद पुढं ओढला, सही केली. "प्रश्न अजून तुझा नाही. तो आधीच्या चार लोकांचा आहे. त्यांचं वाचून ये, आणि ते कुठं चुकले ते मला सांग. नाही सांगता आलं तर ही सही मी काढून घेऊ शकते, नियमात आहे."

"हो, मॅडम."

"आणि हसू नकोस. यात आनंदाचं काही नाही."

कौसल्या हसत नव्हती. तिनं डब्या उचलल्या. थेंबासाठी सकाळपासून अळ्या उपाशी ठेवल्या होत्या, आणि पिठाची वडी अजून शिजवायची होती. ती खाली गेली आणि शेगडी पेटवली.